इंटरनेटचा कारभार आणि सरकारबाहेरची माणसे

इंटरनेट कोणा एका देशाच्या मालकीचे नाही, पण ते बेवारसही नाही. वेबसाइटला नाव कोणत्या अक्षरांत देता येईल, जगभरच्या यंत्रांना क्रमांक कोणी वाटून द्यायचे, दोन अनोळखी संगणकांनी एकमेकांशी कोणत्या रीतीने बोलायचे, एका देशात झालेल्या गुन्ह्याचा पुरावा दुसऱ्या देशातल्या कंपनीकडून कसा मागायचा, या सगळ्याचे निर्णय कुठल्या ना कुठल्या बैठकीत होतात. या निर्णयांच्या एकत्रित व्यवहाराला इंटरनेटचा कारभार म्हणतात. त्यात सरकारे असतात, कंपन्या असतात, अभियंते असतात, विद्यापीठांतले अभ्यासक असतात, नागरिकांच्या संस्था असतात. मात्र त्यांची जागा सगळीकडे सारखी नाही. कुठे त्यांच्या हातात मसुदा असतो, कुठे दोन मिनिटांचे भाषण, तर कुठे दाराबाहेरची खुर्ची. ही जागा कशी ठरते आणि ती वाढवण्याचे कोणते मार्ग आतापर्यंत खरोखर उपयोगी पडले, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

विषय दूरचा वाटतो, म्हणून तो एका जवळच्या ठिकाणावरून पाहावा. पालघर जिल्ह्यात, वसई पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या अंगाने वालीवचा औद्योगिक पट्टा पसरला आहे. इथले उद्योग बहुतांशी लहान, गाळ्यांत चालणारे. यांतल्या एखाद्या कारखानदाराने आपल्या मालाची माहिती देणारी मराठी वेबसाइट काढायची ठरवली, तर तिचे नाव ‘.भारत’ या देवनागरी पत्त्याखाली नोंदवता येते. ही नोंदवही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही २००३ साली स्थापन झालेली ना-नफा कंपनी सांभाळते. ‘.भारत’ हे टोक, म्हणजे पत्त्याचा शेवटचा भाग, अशा सगळ्या टोकांच्या जगाच्या मूळ यादीत बसवण्याची मान्यता मात्र आयकॅन या कॅलिफोर्नियातल्या संस्थेने दिलेली असते. गाळ्यातल्या संगणकाला मिळणारा क्रमांक ज्या साठ्यातून येतो, त्याचे आशिया-प्रशांत भागातले वाटप ब्रिस्बेनच्या एपनिककडे आहे आणि त्याखाली भारतापुरती व्यवस्था निक्सीच पाहते. परदेशी गिऱ्हाईकाने ती वेबसाइट उघडली, की माहिती समुद्राखालच्या तारांतून जाते. त्यांतल्या अनेक तारा वालीवपासून फार लांब नसलेल्या वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. डेटाचा दर आकारताना कंपनीने कोणता भेदभाव करायचा नाही, हे दिल्लीतल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ठरवलेले असते.

या साखळीतल्या कित्येक कड्या सरकारी नाहीत. त्या चालवणाऱ्या संस्थांत कोण बसते, त्यांचे ऐकणे कोणाला भाग आहे, हे गाळेमालकाला सहसा कोणी सांगत नाही. त्याच्या वतीने तिथे बोलणारा कोणी आहे की नाही, हेही त्याला कळत नाही. वालीवसारख्या गावाच्या दृष्टीने सर्वसमावेशकतेचा प्रश्न इथे सुरू होतो.

इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिण्याची सुरुवात सरकारी तहांतून झाली नाही. अमेरिकी सरकारच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संशोधन-जाळ्यात अभियंत्यांनी आपापसांत टिपणे फिरवली, हरकती घेतल्या, चालते ते ठेवले. त्यातून पुढे १९८६ मध्ये इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स उभी राहिली. तिथे सभासदत्वाची पावती लागत नाही आणि मतदानही होत नाही. युक्तिवाद ऐकून सर्वसाधारण सहमती झाली की नाही हे पाहिले जाते. नावांच्या व्यवस्थेसाठी १९९८ मध्ये आयकॅनची स्थापना झाली, तेव्हाही तिचे संचालक मंडळ सरकारांचे नव्हते. सरकारांना सल्लागार समिती देण्यात आली. इतर आंतरराष्ट्रीय संस्थांत सरकारे आत आणि बाकीचे सल्ला देणारे असतात, इथे क्रम उलटा होता. पण मूळ यादीवर अंतिम देखरेख अमेरिकी वाणिज्य खात्याची होती, आणि इतर देशांचा आक्षेप नेमका याच गोष्टीला होता. एका सरकारचा हात असलेल्या व्यवस्थेला ‘सर्वांची’ म्हणणे त्यांना मान्य होणे शक्य नव्हते.

हा आक्षेप संयुक्त राष्ट्रांच्या माहिती समाज शिखर परिषदेत उघड झाला. परिषद दोन टप्प्यांत झाली, डिसेंबर २००३ मध्ये जिनिव्हाला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसला. तिच्या तयारी-बैठकांत बिगर-सरकारी प्रतिनिधींनी थोडे बोलावे आणि मसुदा लिहायची वेळ आली की बाहेर जावे, असे प्रकार घडले. तोडगा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी ४० जणांचा कार्यगट नेमला. अध्यक्ष होते भारतीय अर्थतज्ज्ञ नितीन देसाई. या गटात सरकारी प्रतिनिधी, उद्योगक्षेत्रातली माणसे आणि नागरी संस्थांचे लोक एकाच पातळीवर बसले आणि त्यांनी एकत्र अहवाल लिहिला. सरकारे, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज यांनी आपापल्या भूमिकेत मिळून इंटरनेटची तत्त्वे, नियम आणि निर्णयपद्धती घडवावी, ही आजही वापरात असलेली व्याख्या त्या अहवालातली आहे. ‘आपापल्या भूमिकेत’ हा तिचा भाग तेव्हाही वादाचा होता आणि आजही आहे. भूमिका वाटून देणार कोण, याचे उत्तर व्याख्येत नाही.

ट्युनिसमध्ये इंटरनेट गव्हर्नन्स फोरमचा जन्म झाला. पहिली बैठक २००६ मध्ये अथेन्सला आणि तिसरी डिसेंबर २००८ मध्ये हैदराबादला झाली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर जेमतेम आठवड्याने भरलेल्या त्या बैठकीला कित्येकांनी येण्याचे रद्द केले, तरी ती पार पडली. या फोरमला निर्णयाचा अधिकार नाही. म्हणूनच तिथे सगळे मोकळे बोलतात आणि म्हणूनच तिथल्या बोलण्याचे पुढे काय झाले हे शोधावे लागते. फोरमची मुदत आधी पाच वर्षांची होती, ती वाढत गेली. डिसेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शिखर परिषदेचा वीस वर्षांचा आढावा पूर्ण करताना फोरमला कायमचे स्थान दिले.

भारताची भूमिका या काळात दोनदा वळली आणि त्या वळणांत देशातल्या बिगर-सरकारी आवाजाचा वाटा आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये भारताने आमसभेत ५० देशांची एक समिती सुचवली. इंटरनेटविषयक धोरणे या समितीने ठरवावीत आणि उद्योग, नागरी समाज व तंत्रज्ञ यांचे सल्लागार गट तिच्या बाजूला असावेत, अशी ती योजना होती. देशातल्या उद्योगसंघटना आणि नागरी संस्था यांच्याशी पुरेशी चर्चा न होता हा प्रस्ताव गेला, अशी टीका झाली आणि तो मागे पडला. डिसेंबर २०१२ मध्ये दुबईत आंतरराष्ट्रीय दूरसंचार नियमांचा नवा करार पुढे आला, तेव्हा ८९ देशांनी सह्या केल्या, भारताने केली नाही. एप्रिल २०१४ मध्ये साओ पाउलोच्या नेटमुंडियाल परिषदेत सरकार, उद्योग, नागरी समाज आणि तंत्रज्ञ-अभ्यासक यांच्यासाठी वेगवेगळे माइक ठेवून पाळीपाळीने बोलायला लावले गेले. मंत्र्यालाही रांगेत उभे राहावे लागले. तिथल्या अंतिम निवेदनाला भारताने मान्यता दिली नाही. पुढच्याच वर्षी, जून २०१५ मध्ये, ब्युनॉस आयर्सच्या आयकॅन बैठकीला पाठवलेल्या संदेशात तत्कालीन मंत्री रविशंकर प्रसाद यांनी अनेक घटकांच्या सहभागाच्या पद्धतीला भारताचा पाठिंबा जाहीर केला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकी सरकारनेही मूळ यादीवरची आपली देखरेख सोडून दिली.

एवढा इतिहास वाचून कोणालाही वाटेल, की हा सगळा परिषदांचा आणि निवेदनांचा खेळ आहे. सहभागाचा खरा कस लहान, तपशिलाच्या कामात लागतो. त्याचे मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे देवनागरी नावांचे नियम. हे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण त्यात मराठीचे एक अक्षर पणाला लागले होते.

वेबसाइटच्या नावात कोणती अक्षरे चालतील याची यादी सुरुवातीला फक्त रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ यांची होती. इतर लिप्यांना वाट मिळाल्यावर ‘.भारत’ २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले. सुरुवातीलाच ते हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी आणि सिंधी या आठ भाषांसाठी होते. पण भविष्यात कोणीही कोणत्याही लिपीत नवे टोक मागितले, तर ते सुरक्षित आहे की नाही हे तपासायला प्रत्येक लिपीचे लिखित नियम हवे होते. दोन वेगळी नावे डोळ्यांना एकच दिसली तर फसवणुकीला वाट मिळते. देवनागरीतला ट आणि गुरुमुखीतला ट शेजारी ठेवून पाहिले, तर धोका लगेच कळतो. म्हणून आयकॅनने दुहेरी व्यवस्था केली. लिपी वापरणाऱ्या समाजातल्या स्वयंसेवकांचा गट नियम सुचवणार, आणि आयकॅनने नेमलेल्या तज्ज्ञांचा दुसरा गट ते तपासणार. पहिला गट दुसऱ्यावर नियम लादू शकत नाही, आणि दुसरा गट स्वतःच नियम लिहू शकत नाही.

भारतीय उपखंडातल्या ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिप्यांसाठी जो स्वयंसेवक गट बसला, त्याचे नाव निओ-ब्राह्मी जनरेशन पॅनेल. सहअध्यक्षांत जयपूरचे उद्योजक अजय डाटा, भाषाशास्त्रज्ञ उदय नारायण सिंह आणि पुण्याच्या सी-डॅकमधले महेश कुलकर्णी होते. सी-डॅकचे नाव इथे योगायोगाने आलेले नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेत भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे काम पहिल्यापासून चालले. युनिकोड या, लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकातल्या देवनागरीची मांडणी ज्या इस्की या भारतीय मानकावर आधारलेली आहे, त्याच परंपरेत हे काम वाढले. म्हणजे गटात सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ होते, खासगी उद्योजक होते, अभ्यासक होते आणि भारताबाहेरचे, विशेषतः नेपाळमधले, तज्ज्ञही होते. या घटकांपैकी एकाच्याच हाती लेखणी असती, तर पुढचा प्रश्न कदाचित कोणाच्या लक्षातही आला नसता.

प्रश्न अर्ध्या र चा होता. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ ही दोन वेगळी माणसे. ‘कऱ्हाड’, ‘ऱ्हास’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ हे शब्द रफार देऊन लिहिले तर ते मराठी राहत नाहीत. आडव्या, पापणीसारख्या या र ची गरज हिंदीला पडत नाही. मराठी, कोकणी आणि नेपाळीला पडते. संगणकावर तो दोन प्रकारे काढता येतो. एक प्रकार साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालण्याचा. दुसरा प्रकार नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त देण्याचा. जगाच्या मूळ यादीत न दिसणारी चिन्हे घालायला मुळीच परवानगी नाही, कारण डोळ्यांना न दिसणारा फरक हाच फसवणुकीचा सर्वांत सोपा मार्ग आहे. तेव्हा पहिली वाट बंद. दुसऱ्या वाटेवरचा ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये मुळात द्राविडी भाषांतला एक वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेले. एरवी पाहणाऱ्याला ते अनावश्यक वाटते, शिवाय साध्या र शी त्याचे साम्य असल्याने धोक्याचेही वाटते. केवळ सुरक्षेचा विचार करणाऱ्या माणसाने ते यादीतून गाळले असते आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच ठरले असते.

गटाने काढलेला मार्ग नेटका आहे. ऱ एकटा चालणार नाही. पण ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या दोन जोड्यांत तो चालेल, कारण मराठीला तो याच ठिकाणी लागतो. सुरक्षेचा आग्रह सुटला नाही आणि भाषेचा घासही हिरावला गेला नाही. मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी उघडा ठेवला गेला, आलेले अभिप्राय प्रसिद्ध झाले आणि त्यांचा गोषवारा देणारा अहवाल लिहिला गेला. तपासणी गटाच्या मान्यतेनंतर २०१९ मध्ये देवनागरीचे नियम जगाच्या मूळ यादीच्या नियमावलीत दाखल झाले. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीसाठी ही मोठी गोष्ट होती, आणि महाराष्ट्रात तिचा फारसा गाजावाजा झाला नाही.

या यशात तीन गोष्टी नेमक्या जुळल्या. विषय जाणणारी माणसे मसुदा तयार होण्याच्या आधीपासून आत होती. नियम नाकारायचा असेल तर तपासणी गटाला कारण द्यावे लागत होते. आणि झालेली चर्चा कागदावर राहिली, त्यामुळे नंतर कोणालाही ती वाचता येते. पण उणीवही तितकीच उघड आहे. अर्ध्या र चे दुखणे महाराष्ट्रात सर्वांत जास्त कोणाला माहीत होते? छापखान्यातल्या अक्षरजुळणीकारांना, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर वर्षानुवर्षे काम केलेल्या डीटीपीवाल्यांना, शुद्धलेखन शिकवणाऱ्या शिक्षकांना, मुद्रितशोधकांना. यांच्यापर्यंत अभिप्रायाची हाक पोचवणारी यंत्रणा नव्हती. कागदपत्रे इंग्रजीत, भाषा युनिकोडच्या सांकेतिक क्रमांकांची, मुदत आठवड्यांची. दार उघडे होते, पण ते आहे कुठे हे ठाऊक असणाऱ्यांसाठीच.

याच नियमांत आणखी एक मर्यादा आहे, आणि पालघर जिल्ह्याच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. लिपीचे नियम ठरवताना साधारणपणे शिक्षणात आणि लेखी व्यवहारात स्थिर वापर असलेल्या भाषा आधाराला घेतल्या जातात. वसईची सामवेदी किंवा कादोडी, वाडवळी, जिल्ह्याच्या डोंगरी भागातली वारली या बोली देवनागरीत लिहिल्या जातात, त्यांत पुस्तकेही निघतात, पण अशा मोजपट्टीवर त्या सहज बसत नाहीत. कोणती भाषा मोजायची हा निर्णय मसुद्याच्याही आधीचा असतो. सहभागाची मागणी करणाऱ्यांचे लक्ष त्या टप्प्याकडे कमीच जाते.

देशाच्या पातळीवर सहभागाचा सर्वांत गाजलेला प्रसंग नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला कंपन्यांनी समान वागणूक देण्याच्या तत्त्वाचा. ट्रायने २७ मार्च २०१५ रोजी ११८ पानांचे, २० प्रश्नांचे सल्लामसलत पत्र काढले. भाषा इंग्रजी, विषय इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांच्या नियमनाचा. काही स्वयंसेवकांनी त्याचा सोप्या भाषेत सारांश केला, उत्तरांचा नमुना तयार केला, मुंबईतल्या विनोदी कलाकारांच्या एका गटाने व्हिडिओ काढला, आणि ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. वर्षअखेरीला निवडक वेबसाइट फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या फ्री बेसिक्स योजनेचा वाद पेटला, तेव्हा कंपनीनेही आपल्या वापरकर्त्यांकडून लाखो साचेबंद प्रतिसाद पाठवले. नियामकाने त्यावर स्पष्ट सांगितले, की विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी डेटाच्या दरात भेदभाव करायला बंदी घालणारे नियम आले.

या प्रसंगातून दोन्ही बाजूंचा धडा मिळतो. लोकांना समजेल अशा भाषेत विषय पोचला, तर लोक बोलतात. आणि नुसती संख्या म्हणजे सहभाग नव्हे. दहा लाख ईमेल निर्णायक ठरले ते त्यांच्या ढिगामुळे कमी आणि ट्रायच्या पद्धतीमुळे जास्त. प्रश्न लेखी, उत्तरे जाहीर, प्रतिवादाला वेगळी मुदत, खुली चर्चा, आणि शेवटी नियमाबरोबर कारणमीमांसा. याउलट जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा अभिप्रायासाठी आला, तेव्हा आलेले अभिप्राय विश्वासाने राखले जातील आणि कोणालाही उघड केले जाणार नाहीत, असे सूचनेतच म्हटले होते. अभिप्राय देणाऱ्याला त्यामुळे धीर येत असेल, पण दुसऱ्याने काय म्हटले आणि कोणाचे ऐकले गेले हे कळण्याचा मार्गच बंद होतो. मोठ्या कंपनीला मंत्रालयात भेटीची वेळ मिळते. वालीवच्या गाळेमालकाकडे जाहीर कागदाशिवाय दुसरे साधन नाही.

जागतिक पातळीवर, विशेषतः जिथे करार होतात तिथे, परिस्थिती अधिक कठीण आहे. संयुक्त राष्ट्रांत सायबर सुरक्षेवर २०२१ ते २०२५ या काळात चाललेल्या कार्यगटात, आधीपासून सल्लागार दर्जा नसलेल्या संस्थेला एखाद्या देशाच्या हरकतीने बाहेर ठेवता येत असे. २०२२ मध्ये अनेक संस्था अशाच बाहेर राहिल्या. सायबर गुन्ह्यांवरच्या कराराच्या वाटाघाटींत बिगर-सरकारी संस्थांना बसण्याची आणि बोलण्याची मुभा तुलनेने जास्त होती. पण कलमांवरचा खरा काथ्याकूट अनौपचारिक बैठकांत झाला. २४ डिसेंबर २०२४ रोजी आमसभेने तो करार स्वीकारला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात तर सभासद राष्ट्रेच मतदान करतात, कंपन्या आणि विद्यापीठे शुल्क भरून सभासद होतात, आणि बरीच कागदपत्रे सभासदांपुरती राहतात. या संघाची जागतिक मानकीकरण सभा ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी दिल्लीत भरली. आशिया-प्रशांत भागात अशी सभा पहिल्यांदाच आली होती.

सरकारांचा युक्तिवादही बाजूला सारण्यासारखा नाही. निवडून आलेले सरकार लोकांना उत्तरदायी असते. नागरी संस्थेला कोणी निवडले? ‘खासगी क्षेत्र’ या एकाच रकान्यात अब्जावधी डॉलरच्या कंपन्या आणि वालीवचा दहा कामगारांचा कारखाना एकत्र बसवले जातात. माइक खुला ठेवला, की तो पहिल्यांदा कोणाच्या हाती लागणार हे सांगायला नको. विकसनशील देशांच्या सरकारांना वाटणारी ही भीती खरी आहे. मात्र त्यावर बिगर-सरकारी आवाज कमी करणे हा उपाय होत नाही. रकाने बारीक करावे लागतात. लघुउद्योग वेगळे, ग्राहक वेगळे, कामगार वेगळे, भाषासमाज वेगळा. आणि प्रत्येकाने आपण कोणाच्या वतीने बोलतो, खर्च कोणाचा, हे उघड सांगावे लागते. एप्रिल २०२४ मध्ये साओ पाउलोला दहा वर्षांनी पुन्हा जमलेल्या नेटमुंडियालने अशा प्रक्रियांसाठी मार्गदर्शक सूत्रे लिहिली. सत्तेतली असमानता गृहीत धरून ती भरून काढणे, मसुद्याच्या पहिल्या टप्प्यापासून सहभाग आणि निर्णयाची जबाबदारी स्पष्ट असणे, यांवर त्या सूत्रांचा भर आहे.

या सूत्रांतले पुष्कळसे वसईकराला नवे वाटू नये. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात आणि हरकत घेणाऱ्याला सुनावणी मिळते. वसईत या तरतुदीचा उपयोग कागदापुरता राहिला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीने हिरव्या पट्ट्याच्या नियोजनाचा प्रश्न गावोगाव नेला. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाल्यावर २९ गावे आत ठेवायची की वगळायची, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल कोणाच्याही बाजूचा असो, आपल्या हरकतीवर सुनावणी झाली पाहिजे, ही अपेक्षा इथल्या माणसाच्या अंगवळणी पडली आहे. जागतिक इंटरनेट-वाटाघाटींत नेमकी हीच पायरी बहुतेक ठिकाणी नाही. सूचना मागवल्या जातात, गोषवारा निघतो, पण अमुक सूचना का नाकारली याचे उत्तर देणे करार करणाऱ्यांवर बंधनकारक नसते.

समावेशकता वाढवण्याचे जे उपाय सुचवले जातात त्यांत प्रवासखर्च, शिष्यवृत्त्या आणि दुरून सहभागाची सोय यांचा उल्लेख नेहमी असतो. ते आवश्यकच आहेत. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हाचे विमान, व्हिसा आणि आठवड्याचा मुक्काम लहान संस्थेला परवडत नाही, आणि न्यूयॉर्कची दुपार म्हणजे वसईची मध्यरात्र. पण सर्वांत जास्त फरक घरी पडतो. शिष्टमंडळ निघण्यापूर्वी देशाची भूमिका काय असावी यावर जाहीर चर्चा, आणि परतल्यावर काय मिळाले याचा जाहीर अहवाल. २०२१ पासून भारतात इंडिया इंटरनेट गव्हर्नन्स फोरम भरतो. त्यात सरकार, उद्योग आणि नागरी संस्था एकत्र येतात. त्याचा आवाका राज्यांपर्यंत, राज्यांच्या भाषांपर्यंत आणि जिल्ह्यांतल्या औद्योगिक संघटनांपर्यंत पोचणे बाकी आहे. वालीव-सातिवली पट्ट्यातल्या उद्योजकांना वीज, रस्ते आणि जीएसटीवर संघटितपणे बोलण्याचा सराव आहे. देवनागरी ईमेल पत्ता परदेशी कंपनीचा फॉर्म स्वीकारत नाही, ही अडचणही त्याच जातीची आहे, आणि ती मांडायला युनिकोडचे ज्ञान लागत नाही. वसईतल्या अभियांत्रिकी आणि कला महाविद्यालयांना मसुद्यांचे मराठी सारांश करता येतील. छापखान्यांचा आणि शिक्षकांचा अनुभव लेखी अभिप्रायात उतरवता येईल. आयकॅनच्या मोठ्या बैठकांत संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत दुभाषे असतात. मराठी त्यांत नाही. म्हणून मराठीतून आलेले म्हणणे इंग्रजीत नेणारी माणसे हा या व्यवस्थेतला अगदी व्यावहारिक दुवा आहे.

२०२६ मध्ये या सहभागाची परीक्षा घराजवळच आली. आयकॅनने मार्च २०२६ ची आपली बैठक मुंबईत ठेवली, आणि नव्या टोकांसाठी अर्ज घेण्याची, २०१२ नंतरची पहिली, फेरी एप्रिल २०२६ पासून आखली. या फेरीत देवनागरी टोकही मागता येते आणि त्याची तपासणी २०१९ च्या नियमांनुसार, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांना जागा देणाऱ्या त्याच नियमांनुसार, होते. एका अर्जाचे मूळ शुल्क २,२७,००० डॉलर, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये. गरजू आणि ना-नफा अर्जदारांना शुल्कात ७५ ते ८५ टक्के सूट देणारी योजना आयकॅनने आखली होती. सूट मिळूनही उरणारी रक्कम काही दशलक्ष रुपयांत जाते, आणि टोक चालवण्याचा वार्षिक खर्च वेगळा. मराठी साहित्यसंस्था, सहकारी संघ किंवा लघुउद्योगांचा महासंघ एवढा भार उचलू शकतील का, आणि शुल्काची ही पातळी ठरली तेव्हा त्यांच्यासारख्यांचे म्हणणे कोणी मांडले होते का, हे त्या फेरीच्या कागदपत्रांत शोधावे लागेल. ती कागदपत्रे जाहीर आहेत आणि पुढच्या फेरीचे नियम लिहिताना त्यांवरच हरकती घ्यायच्या आहेत.